ओळख पटण्याआधी

ॲलर्जी म्हणजे शरीराची गैरसमजूत, असे साधारणपणे सांगितले जाते. परागकण निरुपद्रवी असतो, धुळीतला माइट कुणाला संसर्ग करत नाही, तरीही प्रतिकारयंत्रणा त्यांना शत्रू ठरवते आणि नसलेल्या लढाईची तयारी करते, अशी ही गोष्ट आहे. ती सांगायला सोपी आहे आणि ऐकणाऱ्यालाही लगेच पटते. ॲलर्जीच्या दाहात भाग घेणाऱ्या उपजत पेशींवर, म्हणजे पूर्वओळखीशिवाय लगेच कामाला लागणाऱ्या पेशींवर, काम करू लागल्यापासून मला मात्र ती अर्धवट वाटते. एखादा पदार्थ ओळखणे, लक्षात ठेवणे आणि त्याच्याविरुद्ध नेमके हत्यार घडवणे हे काम टी आणि बी लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचे असते आणि पहिल्या संपर्काच्या वेळी त्यांना त्यासाठी बरेच दिवस लागतात. त्याआधीच्या काही तासांत जे घडून गेलेले असते ते अशा पेशींकडून घडते, ज्यांच्याजवळ एका परागकणाला दुसऱ्यापासून वेगळा ओळखण्याचे कोणतेही साधन नसते. चूक झालीच असेल, तर ती ओळखण्यात झाली की त्याआधीच कुठेतरी, हा प्रश्न माझ्या कामाच्या मुळाशी आहे.

या पेशींपैकी माझा सर्वांत जुना परिचय मास्ट पेशीचा. त्वचेचा पातळ काप काचपट्टीवर घेऊन टोल्युइडीन ब्लूने रंगवला की भोवतालच्या पेशी निळ्या दिसतात आणि मास्ट पेशी तेवढ्या जांभळ्या उठून येतात, कारण त्यांच्या कणिकांमध्ये हेपॅरीन ठासून भरलेले असते आणि त्याच्याशी जोडले गेल्यावर रंगद्रव्याची छटाच पालटते. पॉल एर्लिक यांनी १८७८ साली आपल्या प्रबंधात या पेशींचे वर्णन केले आणि पुढच्याच वर्षी इओसिन या रंगद्रव्याने तांबड्या होणाऱ्या रक्तपेशींना इओसिनोफिल असे नाव दिले. क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी ॲलर्जी ही संज्ञा सुचवली ती १९०६ साली. म्हणजे या आजाराला नाव मिळण्याच्या कितीतरी आधी त्यातल्या दोन मुख्य पेशी सापडलेल्या होत्या, आणि त्या सापडल्या त्या काय करतात म्हणून नव्हे, तर रंग चांगला पकडतात म्हणून. आमच्या शास्त्रात जे रंगवता येते ते आधी दिसते आणि जे रंगवता येत नाही ते असूनही बराच काळ नसल्यासारखे राहते. पुढे येणाऱ्या हकिकतीत हे महत्त्वाचे आहे.

मास्ट पेशी रक्तात हिंडत नाहीत. त्यांच्या पूर्वज पेशी अस्थिमज्जेतून निघून ऊतींमध्ये शिरतात आणि तिथेच पक्व होऊन त्वचेत, श्वासनलिकेच्या आणि आतड्याच्या अस्तराखाली, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांच्या कडेला मुक्काम करतात. बाहेरून येणाऱ्या कोणत्याही गोष्टीला जिथून आत शिरावे लागेल अशाच या जागा आहेत. त्यामुळे अभ्यासासाठी रक्ताची नळी पुरत नाही. उंदराच्या अस्थिमज्जेतील पेशी इंटरल्यूकिन-३ (इंटरल्यूकिन म्हणजे पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी सोडतात ती प्रथिने) घालून चार ते सहा आठवडे वाढवाव्या लागतात आणि मानवी पेशी हव्या असतील तर त्याहूनही अधिक काळ. इतके दिवस माध्यम बदलत, बुरशी लागली नाही ना हे पाहत काढायचे, आणि मग प्रत्यक्ष प्रयोग संपतो अर्ध्या तासात. पेशींवर आधी आयजीई या वर्गाचे प्रतिपिंड, म्हणजे ठरावीक पदार्थाला चिकटणारी प्रथिने, बसवायचे, मग त्यांना चिकटणारा पदार्थ, म्हणजे प्रतिजन, सोडायचा. काही मिनिटांतच कणिका पेशीच्या पटलाला भिडून फुटतात आणि त्यांतले हिस्टामिन, ट्रिप्टेज, हेपॅरीन बाहेर पडते. किती सांडले हे मोजायला आम्ही बहुधा हिस्टामिनऐवजी बीटा-हेक्सोसॅमिनिडेज हे विकर (एन्झाइम) वापरतो, कारण तेही त्याच कणिकांतून बाहेर येते आणि त्याचा पिवळा रंग वाचणे सोपे जाते. शिंका, नाक गळणे, अंगावर उठणारी गांध ही त्या सांडण्याची बाहेरची रूपे आहेत. मास्ट पेशी तेवढ्यावर थांबत नाही. ती प्रोस्टाग्लँडिन आणि ल्यूकोट्राईन नव्याने तयार करते, पुढच्या काही तासांत इतर पेशींना बोलावणारी प्रथिने सोडते, आणि म्हणून सकाळी ओसरलेला दम्याचा झटका कित्येकदा त्याच दिवशी पुन्हा उसळतो. त्या दुसऱ्या उसळीत इओसिनोफिलांचा मोठा वाटा असतो.

आता हे सगळे आयजीईमुळे घडते म्हटल्यावर लक्ष साहजिकच आयजीईकडे जाते, आणि विसाव्या शतकाचा मोठा भाग त्याच्या शोधात गेलाही. १९२१ साली कार्ल प्राउस्निट्झ यांनी आपले सहकारी हाइन्झ क्यूस्टनर, ज्यांना मासे सोसत नसत, यांच्या रक्तातील द्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला, नंतर त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि तिथे गांध उठली. ॲलर्जी एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या त्वचेत नेता येते, हे त्या लालसर उंचवट्याने सिद्ध केले. मात्र तो घटक हाती लागायला आणखी ४५ वर्षे जावी लागली. १९६६ साली किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्याने आणि पाठोपाठ स्वीडनमधल्या योहानसन आणि बेनिख यांनी तो स्वतंत्रपणे शोधला. उशीर होण्याचे कारण उघड आहे. रक्तातील प्रतिपिंडांच्या पाच वर्गांत आयजीईचे प्रमाण सर्वांत कमी असते आणि रक्तात तो जेमतेम दोन दिवस टिकतो. मास्ट पेशीवरच्या ग्राहीला, म्हणजे त्याला पकडून ठेवणाऱ्या प्रथिनाला, एकदा चिकटला की मात्र तो आठवडेच्या आठवडे तिथे राहतो. गैरसमजुतीच्या गोष्टीला या शोधाने पक्का आधार मिळाला. चुकीचा प्रतिपिंड, त्याने दारू भरून ठेवलेली मास्ट पेशी आणि समोर आलेला निरपराध परागकण, असे तिचे चित्र पूर्ण झाले.

या चित्रात जे सांगितले आहे ते खरेच आहे. जे सांगितलेले नाही ते मला अधिक अस्वस्थ करते. बी पेशीने आयजीई घडवावा यासाठी तिला इंटरल्यूकिन-४ लागते, ते देणारी टी पेशी विशिष्ट दिशेने तयार व्हावी लागते, आणि टी पेशीला ती दिशा देणारी डेंड्रिटिक पेशी, म्हणजे ऊतीतली निरोप्या पेशी, ऊतीतून काहीतरी ऐकून लसीकाग्रंथीपर्यंत गेलेली असावी लागते. तिने काय ऐकले? गेल्या काही दशकांत या प्रश्नाचे उत्तर हळूहळू अस्तराच्या पेशींपाशी येऊन थांबले. श्वासनलिकेचे किंवा त्वचेचे अस्तर म्हणजे नुसता पडदा नव्हे. त्या पेशींच्या केंद्रकात इंटरल्यूकिन-३३ नावाचे प्रथिन आधीच तयार करून ठेवलेले असते. पेशी शाबूत असेल तोवर ते आत राहते, आणि पेशी फाटली की बाहेर येते. घरातले धान्य रस्त्यावर सांडलेले दिसले की भिंत कुठेतरी फुटली आहे हे शेजाऱ्यांना कळते, आणि ती कुणी फोडली हे कळण्याची त्यासाठी गरज नसते. हे प्रथिन २००५ साली ओळखले गेले. टीएसएलपी आणि इंटरल्यूकिन-२५ हे त्याचे दोन साथीदार, आणि या तिघांना मिळून आम्ही अलार्मिन म्हणतो.

ही हाक ऐकणाऱ्यांत मास्ट पेशी आहेत, डेंड्रिटिक पेशी आहेत, रक्तातल्या बेसोफिल पेशी आहेत. पण तिला सर्वांत जोरदार प्रतिसाद देणाऱ्या पेशी २०१० सालापर्यंत कुणाच्या यादीतच नव्हत्या. त्या वर्षी जपान, ब्रिटन आणि अमेरिकेतील तीन गटांनी थोड्याफार अंतराने एकाच प्रकारच्या पेशींचे वर्णन केले आणि प्रत्येकाने त्यांना निराळे नाव दिले. २०१३ साली नावांची ही गर्दी आवरून त्यांना दुसऱ्या प्रकारच्या उपजत लिम्फॉइड पेशी, म्हणजे आयएलसी-२, म्हणायचे ठरले. दिसायला त्या लिम्फोसाइटसारख्या असतात, पण प्रतिजन ओळखणारी ग्राही त्यांच्यावर नसते. इंटरल्यूकिन-३३ पोहोचताच त्या इंटरल्यूकिन-५ आणि इंटरल्यूकिन-१३ मोठ्या प्रमाणात सोडतात. पहिल्याने इओसिनोफिल वाढतात आणि ओढले जातात, दुसऱ्याने श्वासनलिकेत श्लेष्मा वाढतो आणि तिचे स्नायू अधिक चटकन आवळू लागतात.

इतक्या कामाच्या पेशी इतकी वर्षे दिसल्या का नाहीत, याचे उत्तर फ्लो सायटोमीटरवर बसले की समजते. ऊतीतल्या पेशी सुट्या करून त्यांना वेगवेगळे रंग लावलेले प्रतिपिंड चिकटवायचे आणि लेझरसमोरून एकेक पेशी पुढे जाऊ द्यायची, अशी ही पद्धत आहे. टी पेशींची खूण वेगळी, बी पेशींची वेगळी, मॅक्रोफाजची वेगळी. आयएलसी-२ शोधताना आम्ही आधी या सर्व खुणा एकाच रंगात लावतो, त्या रंगात उजळणाऱ्या सगळ्या पेशी बाजूला सारतो, आणि जो उरलेला ठिपक्यांचा लहानसा पुंजका आहे त्यात शोधतो. पूर्वी याच पुंजक्याला कचरा समजून तो गाळला जात असे. जिची व्याख्या ती काय नाही यावरूनच सुरू होते अशा पेशीवर काम करताना मनाला एक सावधपणा लावून घ्यावा लागतो. खुणांच्या मिश्रणातला एखादा प्रतिपिंड जुना झालेला असेल, तर त्याने बाजूला सारायला हव्या होत्या त्या पेशी निमूटपणे या पुंजक्यात येऊन बसतात आणि एखादा सुंदर निष्कर्ष त्यांच्याच जोरावर उभा राहतो. म्हणून कुणाच्याही शोधनिबंधात आयएलसी-२ दिसल्या की मी आकृत्यांच्या आधी पुरवणी साहित्यातली गेट लावण्याची, म्हणजे कोणत्या पेशी ठेवल्या आणि कोणत्या गाळल्या हे ठरवण्याची, पद्धत वाचते, आणि नव्या विद्यार्थ्यांनाही तेच सांगते.

या पेशींचे वजन पटवून देणारा प्रयोग पपेनचा आहे. पपेन हे पपईतले प्रथिने तोडणारे विकर असून त्याची पूड हाताळणाऱ्या कामगारांना दमा होतो, हे आधीपासून माहीत होते. उंदराच्या नाकात पपेन सोडले की थोड्याच दिवसांत फुप्फुसात इओसिनोफिल जमतात. आता ज्या उंदरांमध्ये टी आणि बी पेशीच नाहीत, म्हणजे ओळखणारे आणि लक्षात ठेवणारे कुणीही नाही, त्यांच्यातही हा दाह उमटतो. ज्यांच्यात यांच्या जोडीला उपजत लिम्फॉइड पेशीही नाहीत त्यांच्यात तो उमटत नाही. आणि उष्णतेने निकामी केलेले पपेन दिले तर काहीच होत नाही. शेवटच्या वाक्याकडे माझे लक्ष पुन्हा पुन्हा जाते. उष्णतेने निकामी झालेल्या पपेनमध्ये अमिनो आम्लांची मालिका तीच असते, नाहीशी होते ती फक्त तिची कापण्याची क्षमता. म्हणजे शरीराने प्रतिसाद दिला तो पपेनला नव्हे, तर पपेनने केलेल्या इजेला. धुळीतल्या माइटच्या विष्ठेत सापडणारे डर पी १ हे मुख्य ॲलर्जेनही असेच प्रथिने तोडणारे विकर आहे आणि अस्तरातल्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे सांधे ते उसवते, ही गोष्ट इथे आठवावीशी वाटते.

अर्थात प्रत्येक ॲलर्जेन असे कापणारे नसते. मांजराच्या अंगावरून येणारे मुख्य ॲलर्जेन विकर नाही आणि शेंगदाण्यातील प्रथिनेही अस्तर फाडत नाहीत. तिथे इजा दुसरीकडून येत असावी. फिलाग्रिन या त्वचेला मजबुती देणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातील बिघाड इसबाशी जोडलेला आहे, हे २००६ साली दाखवले गेले, आणि ज्या लहान मुलांना तीव्र इसब असतो त्यांना पुढे अन्नाची ॲलर्जी होण्याचा संभव जास्त असतो. आधी फुटलेली कातडी आणि मग त्या फटीतून आत गेलेले, स्वतः निरुपद्रवी असलेले प्रथिन, हा क्रम मला पटण्याजोगा वाटतो. तरीही उपजत पेशींच्या मागे लागलेल्या आम्हा मंडळींची एक खोड मी मान्य करते: आम्हाला सगळ्याचे मूळ तिथेच दिसू लागते. एकाला परागकण सोसत नाही आणि दुसऱ्याला फक्त कोळंबी सोसत नाही, या निवडीचे उत्तर आयएलसी-२ कधीच देऊ शकणार नाहीत. ते काम स्मृती असलेल्या पेशींचेच आहे.

उंदरांवरचे पुरावेही जपून वापरावे लागतात. मास्ट पेशींच्या कामांची जी लांबलचक यादी पाठ्यपुस्तकांत गेली, तिचा पुष्कळ भाग किट या जनुकात बिघाड असलेल्या, मास्ट पेशी नसलेल्या उंदरांवरून आला. पण त्या उंदरांत कमी असते ते केवळ मास्ट पेशींचे नव्हे. त्यांच्या एका जुन्या प्रकारात रक्तक्षय असतो, वंध्यत्व असते, केसांत रंग नसतो. २०११ साली किट जनुकाला हात न लावता मास्ट पेशी काढून टाकलेले उंदीर तयार झाले, तेव्हा स्वप्रतिकाराच्या काही विकारांत मास्ट पेशींना दिलेल्या भूमिका टिकल्या नाहीत. आयजीईमुळे होणाऱ्या ॲनाफिलॅक्सिसला, म्हणजे सर्व शरीरभर उसळणाऱ्या जीवघेण्या ॲलर्जीला, मात्र ते उंदीर अजिबात बळी पडले नाहीत, त्यामुळे ॲलर्जीतले मास्ट पेशींचे स्थान उलट पक्के झाले. दुसरे उदाहरण इओसिनोफिलांचे. दमेकऱ्यांच्या थुंकीत सापडणारे टोकदार शार्को-लायडेन स्फटिक एकोणिसाव्या शतकापासून डॉक्टरांना परिचित आहेत. ते गॅलेक्टिन-१० या प्रथिनाचे बनलेले असतात आणि ते निव्वळ अवशेष नसून स्वतःच दाह भडकवू शकतात, हे २०१९ साली दिसून आले. उंदरांमध्ये गॅलेक्टिन-१० नसतेच. केवळ उंदरांवर विसंबून राहिलो असतो तर हा धागा हाती लागलाच नसता.

माणसांवरचा सर्वांत कडक धडा औषधांनी दिला. इंटरल्यूकिन-५ अडवणारे मेपोलिझुमॅब २००० साली दम्याच्या रुग्णांवर तपासले गेले, तेव्हा रक्तातले आणि थुंकीतले इओसिनोफिल घटले, पण श्वासनलिकेची चिडचिड कमी झाली नाही. इओसिनोफिल हे नुसते बघे आहेत, असे तेव्हा बऱ्याच जणांनी ठरवून टाकले. २००९ साली दोन गटांनी तेच औषध फक्त अशा रुग्णांना दिले ज्यांच्या थुंकीत उपचार चालू असूनही इओसिनोफिल टिकून होते, आणि त्यांचे तीव्र झटके स्पष्टपणे कमी झाले. २०१५ साली औषधाला मान्यता मिळाली. रेणू तोच होता, बदलली होती ती रुग्णांची निवड आणि मोजण्याची गोष्ट. २०२१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले टेझेपेलुमॅब याहून वरच्या पायरीवर, टीएसएलपी या अलार्मिनवरच काम करते आणि ज्यांचे इओसिनोफिल कमी आहेत अशा तीव्र दम्याच्या रुग्णांतही काही प्रमाणात झटके कमी करते. हाक अडवली तर ती ऐकणाऱ्या अनेकांना एकदम शांत करता येते, या कल्पनेला मिळालेला हा मला वाटते सर्वांत ठोस मानवी पुरावा आहे.

मग अशी यंत्रणा शरीरात ठेवलीच कशासाठी? जंतांसाठी, हे नेहमीचे उत्तर आहे आणि ते योग्यही आहे, कारण गिळून टाकता येणार नाही इतक्या मोठ्या परजीवीला श्लेष्मा, आकुंचन आणि गळती यांनीच बाहेर ढकलावे लागते. पण मला अधिक भुरळ घालते ते विषाचे उत्तर. मार्जी प्रॉफेट यांनी १९९१ साली मांडले होते की ॲलर्जी ही विषारी पदार्थ तातडीने बाहेर टाकण्याची व्यवस्था असावी. त्या वेळी या मांडणीकडे फारसे कुणी गांभीर्याने पाहिले नाही. २००६ साली उंदरांवरच्या प्रयोगांत मास्ट पेशींच्या कणिकांतले एक विकर सापाच्या विषातला घातक रेणू तोडून जनावराला वाचवते, असे दिसले. २०१३ साली मधमाशीच्या विषाबाबत आयजीईही संरक्षक ठरला. २०२३ साली तर दोन गटांनी दाखवले की अंड्यातील प्रथिनाची ॲलर्जी झालेले उंदीर ते प्रथिन मिसळलेले पाणी प्यायचे टाळतात, आणि आयजीई किंवा मास्ट पेशी काढून टाकल्या की हे टाळणे मावळते. म्हणजे मास्ट पेशी केवळ सूज आणत नाही, ती जनावराच्या वागण्यापर्यंत पोहोचते. ॲलर्जीला सरसकट बिघाड म्हणायला माझी जीभ धजत नाही.

याच पेशी दुरुस्तीही करतात, हे या सर्वांत गुंतागुंतीचे. उंदरांना इन्फ्लुएन्झा झाल्यावर फुप्फुसाचे फाटलेले अस्तर सांधण्यात आयएलसी-२ पेशींनी सोडलेले ॲम्फिरेग्युलिन हे प्रथिन उपयोगी पडते. इजा कळणे, आलेल्याला हुसकावणे आणि भिंत पुन्हा बांधणे ही कामे त्यांच्याकडे एकत्रच दिसतात. मग आजार कुठून सुरू होतो? माझे मत असे बनले आहे की सुरुवात कशी होते यापेक्षा थांबत का नाही, याचा शोध अधिक फलदायी ठरेल. २०१६ साली उंदरांवर असे दिसले की एकदा चेतवल्या गेलेल्या आयएलसी-२ पेशींपैकी काही महिनोन्महिने फुप्फुसात राहतात आणि पुढच्या वेळी, अगदी वेगळ्याच ॲलर्जेनलाही, अधिक जोराने उत्तर देतात. ओळख न पटणाऱ्या पेशीलाही झालेल्या घटनेची एक प्रकारची आठवण राहते, आणि ती आठवण कशाची याच्याशी तिला कर्तव्य नसते.

सध्या आमच्या चर्चांत वारंवार येणारे निरीक्षण माणसांतले आहे. गवताच्या परागकणांच्या हंगामात ॲलर्जी असलेल्यांच्या रक्तात आयएलसी-२ पेशी वाढतात, आणि ज्यांनी त्याच परागकणाची इम्युनोथेरपी, म्हणजे १९११ साली लेनर्ड नून यांनी प्रथम वापरलेली वाढत्या मात्रेच्या इंजेक्शनांची पद्धत, घेतलेली असते त्यांच्यात ही वाढ दबलेली आढळते. उपचार एका ठरावीक परागकणाचा, आणि शांत झालेल्या पेशींना तो परागकण ओळखताच येत नाही. नियामक टी पेशींनी, म्हणजे इतर पेशींचा प्रतिसाद आवरणाऱ्या टी पेशींनी, त्यांना आवरले, की कमी झालेल्या दाहामुळे अस्तरच सावरले आणि हाक देणे थांबले? पहिले खरे असेल तर उपचार घेतलेल्यांच्या रक्तातून नियामक पेशी काढून टाकल्यावर प्रयोगनळीत आयएलसी-२ पेशी पुन्हा उसळायला हव्यात. दुसरे खरे असेल तर त्यांच्या नाकाच्या अस्तरातून घासून काढलेल्या पेशींनी, ॲलर्जेन समोर ठेवल्यावर, इंटरल्यूकिन-३३ कमी सोडायला हवे. हे दोन्ही एकाच व्यक्तीच्या नमुन्यांवर, आणि हंगामाच्या आधी व हंगामात अशा दोन वेळा, करून पाहावे लागेल. नाकातून मिळणाऱ्या पेशी इतक्या थोड्या असतात की ते कसे जमवायचे यावरच आमची सध्याची बरीचशी भांडणे चालू आहेत.